फुकटचे सात दिवस आणि मामाचे 4,999 रुपये

दिवाळीच्या सुट्टीत शेळगावला मामाकडं गेले होते. शेळगाव कुठलं, असं पुण्यात मला नेहमी विचारतात. बारामती-इंदापूर रस्त्यावर अंथुर्णे मागं पडलं की निमगाव केतकीच्या अलीकडं, इंदापूर तालुक्यातलं. तर तिथं पोचल्या पोचल्या, चहा व्हायच्या आत मामानं मोबाइल माझ्या हातात दिला. "पोरी, तू पेपरात काम करतीस ना? बघ बरं, हे पैसं कुणी काढलं?"

स्क्रीनवर बँकेचा मेसेज होता. खात्यातून 4,999 रुपये गेलेले. दुधाचं बिल ज्या खात्यात जमा होतं तेच खातं. मामाला पहिली शंका आली ती फसवणुकीची. सायबर चोरी, ओटीपी, लिंक वगैरे सगळं त्यानं ऐकलेलं. मी मात्र मेसेजमधलं नाव वाचलं आणि मामेभावाकडं बघितलं. तो फराळाच्या ताटाकडं बघत होता.

चोरी झाली नव्हती. सबस्क्रिप्शन होतं. भाऊ बारामतीला कॉलेजला आहे, दिवसभर अभ्यासिकेत बसतो आणि तिथलं वायफाय वापरतो. एका यूट्यूबरनं त्याला सांगितलं, की पब्लिक वायफायवर हॅकर तुमचा सगळा डेटा बघतात, म्हणून हे व्हीपीएन घ्या, सात दिवस फुकट. त्यानं घेतलं. पैसे भरायच्या ठिकाणी यूपीआय ऑटोपे मागितलं, तर मामाच्या मोबाइलवरून ते मंजूर केलं. (पिन अख्ख्या घराला पाठ आहे. हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) तीन दिवसांनी ॲपमुळं नेट स्लो होतंय म्हणून भावानं ते उडवलं. म्हणजे अनइन्स्टॉल केलं. त्याच्या लेखी विषय संपला. आठव्या दिवशी वर्षभराचे पैसे कापले गेले.

तुमच्यापैकी किती जणांनी हे असंच केलंय? हात वर करायची गरज नाही. मीही केलंय, फक्त माझं नुकसान 199 रुपयांचं होतं म्हणून घरी कळलं नाही.

ॲप उडवलं म्हणजे सबस्क्रिप्शन उडालं नाही

सगळ्यात मोठा गैरसमज इथंच आहे. ॲप ही तुमच्या फोनमधली वस्तू आहे आणि सबस्क्रिप्शन हा करार आहे. तो कंपनीशी आहे, किंवा ज्या ॲप स्टोअरमधून घेतलं त्याच्यामार्फत कंपनीशी आहे. फोन विहिरीत टाकला तरी करार चालू राहतो. आणि तिसरी गोष्ट म्हणजे मँडेट, तुमच्या बँकेला तुम्ही दिलेली 'हे मागतील तेव्हा द्या' अशी परवानगी. ॲप, करार आणि मँडेट ही तीन वेगवेगळी दारं आहेत आणि प्रत्येकाचं कुलूप वेगळं. यूपीआय ॲपमधल्या ऑटोपे विभागात जाऊन मँडेट रद्द केलं, तर पुढचे पैसे थांबतात. गेलेले परत येत नाहीत.

रिझर्व्ह बँकेचा यावर नियम आहे, आणि खरं सांगायचं तर बऱ्यापैकी चांगला आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये कार्डांसाठी ई-मँडेटचं परिपत्रक निघालं, पुढं यूपीआयलाही ते लागू झालं आणि 1 ऑक्टोबर 2021 पासून त्याची काटेकोर अंमलबजावणी सुरू झाली. तुम्हाला आठवत असेल, तेव्हा अनेकांची परदेशी सबस्क्रिप्शन्स एकदम बंद पडली होती. नियम असा, की पहिल्यांदा मँडेट देताना ओटीपी किंवा पिन लागतो. त्यानंतर प्रत्येक वेळी पैसे कापायच्या किमान 24 तास आधी ग्राहकाला कळवायचं. कोण कापणार, किती, कधी, कशासाठी. आणि त्याच वेळी नको म्हणायची सोय द्यायची. मँडेट कधीही ऑनलाइन काढून घेता आलं पाहिजे. बिनपिनचं कापण्याची मर्यादा आधी 5,000 होती, जून 2022 मध्ये ती 15,000 झाली.

मग मामाला 24 तास आधी मेसेज आला होता का? आला होता. मी शोधून काढला. इंग्रजीत, खताच्या दुकानाची जाहिरात आणि रिचार्जची आठवण यांच्या मधोमध. मेसेज ज्याचं खातं त्याला आला, ॲप ज्यानं घेतलं त्याला नाही. नियम तंतोतंत पाळला गेला आणि उपयोग शून्य. धोरण ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जो ग्राहक असतो त्याचं स्वतःचं खातं असतं, स्वतःचा फोन असतो आणि तो इंग्रजी मेसेज वाचतो. आपल्याकडं एका खात्यावर चार जणांचं नेट चालतं.

तू तिकडं जा, तू इकडं ये

आम्ही रिफंड मागायला बसलो. त्या कंपनीच्या वेबसाइटवर ठळक अक्षरात लिहिलेलं, 30 दिवसांची मनी-बॅक गॅरंटी. भाऊ खूश. चॅटवर उत्तर आलं, की खरेदी ॲप स्टोअरमधून झाली आहे, त्यामुळं परतावा तिथूनच मागावा. स्टोअरचं म्हणणं, ठरलेली मुदत उलटली, आता ॲप बनवणाऱ्याशी बोला. पुन्हा चॅट. पुन्हा तेच, फक्त शेवटी एक हसरा चेहरा वाढलेला. मामा म्हणाला, "हे तलाठ्याकडनं सर्कलकडं आन् सर्कलकडनं तलाठ्याकडं झालं की."

ही गॅरंटी खोटी नसते, पण तिच्या आजूबाजूला कुंपण असतं. नॉर्डव्हीपीएन, एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क या मोठ्या नावांनी 30 दिवसांचा वायदा केलेला आहे. प्रोटॉनही 30 दिवसांत परतावा देतं, पण न वापरलेल्या काळापुरता. या धंद्यातल्या अटी तुम्ही नीट वाचल्या तर काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. वायदा बहुतेक वेळा पहिल्या खरेदीला असतो, आपोआप झालेल्या नूतनीकरणाला असेलच असं नाही. ॲप स्टोअरमधून घेतलं तर स्टोअरचे नियम चालतात. गुगल प्लेवर खरेदीनंतर 48 तासांच्या आत परतावा मागायची सोय आहे, त्यानंतर डेव्हलपरकडं जा म्हणून सांगतात. ॲपलची परतावा मागायची स्वतंत्र वेबसाइट आहे आणि निर्णय तेच घेतात. गिफ्ट कार्डानं पैसे भरले असतील तर काही कंपन्या परतावा देतच नाहीत. म्हणजे '30 दिवस' हा आकडा मोठ्या अक्षरात आणि तो कधी लागू नाही हे बारीक अक्षरात. कंपनीच्या वेबसाइटवरून थेट घेतलेल्या व्हीपीएनचा परतावा मिळणं त्यातल्या त्यात सोपं, ही गोष्ट मला या सगळ्या भानगडीनंतर कळली.

आता एक पेच सांगते, जो फक्त प्रायव्हसीच्या धंद्यात आहे. समजा तुम्ही खरंच गुप्तता हवी म्हणून व्हीपीएन घेतलं. नाव खोटं, ईमेल तात्पुरता, पैसे रोख किंवा क्रिप्टोत. मग रिफंड कुणाला द्यायचा? परत करायला माणूस ओळखीचा लागतो, आणि ओळख न ठेवणं हेच तर तुम्ही विकत घेतलंय. दर महिन्याला आपोआप पैसे कापायचे तर कंपनीला तुमच्या पेमेंटची माहिती सांभाळावी लागते. स्वीडनच्या मुलवाड कंपनीनं हा पेच 2022 च्या जूनमध्ये सरळ सोडवला. त्यांनी नवीन सबस्क्रिप्शन देणंच बंद केलं. महिन्याला 5 युरो, पाहिजे तितक्या महिन्यांचे आगाऊ भरा, संपलं की संपलं. खात्याला नाव नाही, फक्त एक नंबर. मला हे वाचून वाटलं, की ऑटोपे ही अपरिहार्य गोष्ट नाहीच मुळी. आपला जुना मोबाइल रिचार्ज असाच तर होता! टाकला तितका चालला.

सगळे मुलवाडसारखे नसतात. अवास्ट हे नाव तुम्ही घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर बघितलं असेल, अँटिव्हायरस आणि ट्रॅकिंगपासून संरक्षण देणारी कंपनी. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं फेब्रुवारी 2024 मध्ये तिच्यावर कारवाई जाहीर केली. आरोप असा, की संरक्षणाचा वायदा करून लोकांचा ब्राउझिंगचा तपशीलच विकला. 1 कोटी 65 लाख डॉलर भरावे लागले. प्रायव्हसीची पाटी लावलेली म्हणजे प्रायव्हसी असं धरून चालू नका.

रद्द केलं, तरी पाच वर्षं

मी ज्या कारणासाठी हा विषय संपादकांकडं लावून धरला ते खरं इथं आहे. 28 एप्रिल 2022 ला सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 70 ब खाली निर्देश काढले. सायबर हल्ल्याची खबर सहा तासांत द्या, लॉग 180 दिवस ठेवा वगैरे. त्यातच व्हीपीएन कंपन्यांना सांगितलं, की ग्राहकाचं खरं नाव, पत्ता, फोन नंबर, ईमेल, दिलेले आयपी पत्ते, सेवा कशासाठी घेतली याचं कारण, हे सगळं नोंदवून ठेवा. किती काळ? ग्राहकानं सेवा रद्द केल्यानंतरही पाच वर्षं किंवा कायदा म्हणेल तितकी जास्त.

पुन्हा वाचा. तुम्ही रद्द केलंत, पैसे थांबले, कदाचित रिफंडही मिळाला. तुमची माहिती मात्र पदवी होऊन, एमए होऊन, नोकरीला लागेपर्यंत तिथं राहणार. कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनना यातून सूट आहे, तुमच्या-माझ्यासारख्या ग्राहकाला नाही. ग्राहकांची पडताळणी आणि लहान उद्योगांसाठी मुदत वाढवून 25 सप्टेंबर 2022 केली गेली. तोवर एक्स्प्रेसव्हीपीएननं 2 जूनलाच भारतातले सर्व्हर काढत असल्याचं जाहीर केलं होतं. सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन, प्रोटॉन यांनीही तोच रस्ता धरला. काहींनी भारतीय आयपी सिंगापूर किंवा लंडनच्या सर्व्हरवरून द्यायला सुरुवात केली.

सरकारची बाजू अगदीच पोकळ नाही. गुन्हा करून व्हीपीएनमागं लपणारे आहेत, आणि तपास यंत्रणेला धागा लागतो. पण निर्देशाचा परिणाम ग्राहक म्हणून आपल्यावर काय झाला बघा. नोंदी ठेवायला तयार नसलेल्या कंपन्या देशाबाहेर गेल्या. माहिती त्यांच्याकडं सुरक्षित असेलही, पण भांडण झालं तर नोटीस पाठवायला इथला पत्ता नाही. आणि इथं राहील ती तुमची माहिती पाच वर्षं बाळगून बसेल. गोपनीयता पाहिजे की दाद मागायची सोय, अशी निवड करावी लागते. ही निवड आपल्यावर कुणी सांगून-विचारून लादली नाही, ती दोन वेगळ्या खात्यांच्या दोन वेगळ्या नियमांच्या फटीत तयार झाली. त्यात जानेवारी 2025 मध्ये काही व्हीपीएन ॲप्स भारतातल्या ॲप स्टोअर्समधून काढली गेली, क्लाउडफ्लेअरचं 1.1.1.1 धरून. ज्या ॲपचे वर्षाचे पैसे भरलेत ते स्टोअरमधून गेलं तर रिफंडचं काय? दोष कंपनीचाही नाही, तुमचाही नाही. अटींमध्ये अशा वेळेसाठी ग्राहकाच्या बाजूचं काही सापडणं अवघड.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, पण मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यानंतर 18 महिने दिलेत. त्यात एक वाक्य मला फार आवडतं. संमती देणं जितकं सोपं होतं, साधारण तितकंच सोपं ती काढून घेणं असलं पाहिजे. हे माहितीच्या संमतीबद्दल आहे, पैशाबद्दल नाही. पैशालाही हेच मोजमाप लावलं तर अर्ध्या ॲप्सचे सेटिंग्ज पुन्हा लिहावे लागतील.

जाळ्याला कायद्यात नाव आहे

पैशापुरतं बोलायचं तर आपल्याकडं नियम नाहीत असं नाही. 30 नोव्हेंबर 2023 ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं डार्क पॅटर्नविरोधी मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. 13 प्रकारांची यादी आहे, आणि त्यात सबस्क्रिप्शनचं जाळं हा एक. व्याख्येत काय काय येतं? रद्द करणं अशक्य किंवा किचकट करणं, रद्द करायचं बटण लपवणं, सूचना गोंधळाच्या ठेवणं. आणि चौथी गोष्ट, जी माझ्या भावाच्या बाबतीत अक्षरशः लागू पडते : फुकट सबस्क्रिप्शन देण्यासाठी पैशांचे तपशील किंवा ऑटोपेची परवानगी द्यायला भाग पाडणं. म्हणजे 'सात दिवस फ्री, फक्त ऑटोपे चालू करा' हे मुळातच जाळं ठरतं. पुढचं सगळं नंतर.

आता तुमच्या फोनमधली फ्री ट्रायल्स आठवा. ऑटोपे न मागता मिळालेली एक तरी सापडते का बघा. जून 2025 मध्ये प्राधिकरणानं ऑनलाइन कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःच स्वतःची तपासणी करायचा सल्ला दिला. परीक्षार्थीलाच पेपर तपासायला दिल्यासारखं मला ते वाटतं, पण निदान विषय पटलावर आला. एक मात्र ध्यानात ठेवा. भारतात 'मन बदललं, पैसे परत द्या' असा सरसकट हक्क कायद्यानं दिलेला नाही. सेवा सदोष असेल, किंवा कंपनीनं स्वतः वायदा केला असेल, किंवा तुम्हाला जाळ्यात पकडलं असेल, तर दाद मागता येते. युरोपात ऑनलाइन खरेदीला 14 दिवसांची माघारीची मुदत असते, त्यातही डिजिटल गोष्टींना अपवाद आहेत. जर्मनीत 1 जुलै 2022 पासून वेबसाइटवर रद्द करायचं बटण ठेवणं सक्तीचं आहे. अमेरिकेत एका क्लिकवर रद्द करायचा नियम 2024 मध्ये आला आणि लागू व्हायच्या आधीच जुलै 2025 मध्ये कोर्टानं रद्द केला. तरी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये प्राइम मेंबरशिपच्या खटल्यात ॲमेझॉननं 250 कोटी डॉलरची तडजोड केली. त्या खटल्यात समोर आलं, की रद्द करायच्या लांबलचक प्रक्रियेला कंपनीत 'इलियड' म्हणत. ट्रोजन युद्धाचं ते न संपणारं महाकाव्य. नाव ठेवणाऱ्याला आपण काय करतोय ते चांगलंच ठाऊक होतं.

पुण्यात बिंदुमाधव जोशींनी 1974 मध्ये ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा भांडण वजन-मापाचं आणि भेसळीचं होतं. ग्राहकाला कायदा मिळाला 1986 मध्ये, नवा आला 2019 मध्ये. त्या नव्या कायद्यातल्या दोन गोष्टी शेळगावात बसलेल्या माणसाच्या फार कामाच्या आहेत. एक, तक्रार तुम्ही जिथं राहता तिथल्या जिल्हा आयोगात करता येते. कंपनीचं ऑफिस मुंबईत असो नाहीतर पनामात. दोन, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी शून्य. ई-कॉमर्सचे 2020 चे नियम भारतात ऑफिस नसलेल्या, पण इथल्या ग्राहकांना पद्धतशीर सेवा विकणाऱ्या कंपन्यांनाही लागू होतात. तक्रार अधिकाऱ्यानं 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्यात निकाल लावायचा, असं त्यात आहे. कागदावर तरी.

म्हणून आम्ही आधी त्या कंपनीच्या तक्रार ईमेलवर लिहिलं. साधं, चार ओळींचं. खरेदीची तारीख, रक्कम, व्यवहार क्रमांक, आणि तुमचं फ्री ट्रायल 2023 च्या तत्त्वांनुसार सबस्क्रिप्शनचं जाळं आहे, हे एक वाक्य. त्या वाक्यानंतर हसरा चेहरा येणं बंद झालं, एवढा फरक नक्की पडला. मग 1915 ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन. तिथं मराठीत बोलता येतं, हे ऐकून मामा स्वतः बोलला. नंबर मिळाला. ही हेल्पलाइन तुमची तक्रार कंपनीकडं पाठवते आणि पाठपुरावा करते, निकाल देत नाही. निकाल पाहिजे तर आयोग.

आयोगासाठी 2025 च्या 1 जानेवारीपासून ई-जागृती पोर्टल आहे. मामाची पहिली शंका, "पुण्याला हेलपाटं मारायचं का पाच हजारासाठी?" इंदापूर तालुक्यातून जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन यायचं म्हणजे अख्खा दिवस आणि गोठ्यात दुसरा माणूस. तक्रार ऑनलाइन भरता येते आणि अर्ज केला तर सुनावणी व्हिडिओवर घ्यायची तरतूद कायद्यात आहे, हे त्याला सांगितलं. घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करायची असते, तेव्हा घाईही नाही. दुसरी शंका भावाची होती. तक्रार कुणाच्या नावानं? पैसे मामाचे, ॲप त्याचं. कायद्यानं पैसे देणारा ग्राहक असतो आणि त्याच्या संमतीनं सेवा वापरणाराही. "माझी संमती कधी होती?" असं मामा म्हणाला तेव्हा ताटातली चकली भावाच्या हातातच राहिली.

हे लिहीपर्यंत पैसे परत आलेले नाहीत. मँडेट रद्द झालंय, ते मी माझ्यासमोर करून घेतलं. कंपनीनं आता 'अपवाद म्हणून' वापरलेले दिवस वजा करून रक्कम देऊ, असा मेल पाठवलाय. अपवाद हा शब्द मला पटत नाही, मामाला रक्कम पटते. घ्यायचं की आयोगात जायचं, यावर घरात दोन गट आहेत.

आणि त्या व्हीपीएनची भावाला गरज होती का? अभ्यासिकेच्या वायफायवर तो जे वापरतो, म्हणजे बँक, मेल, यूट्यूब, ते जवळपास सगळं वेबसाइटपर्यंत आधीच एन्क्रिप्ट होऊन जातं. ब्राउझरमध्ये पत्त्याची सुरुवात https नं होते, ती त्याचीच खूण. व्हीपीएन त्याच्यावर आणखी एक पांघरूण घालतं आणि तुम्ही कुठल्या साइटवर गेलात हे वायफायवाल्यापासून लपवतं. मग ते व्हीपीएनवाल्याला दिसू शकतं. त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा हा प्रश्न यूट्यूबरच्या जाहिरातीत नव्हता.

मामा आता बँकेचा प्रत्येक मेसेज मला फॉरवर्ड करतो. काल रात्री दहाला एक आला : उद्या 149 रुपये कापले जातील, नको असल्यास इथं दाबा. खाली मामानं टाइप केलेलं, "हे कुणाचं?" मी भावाला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, ते नाही माझं. ते मामीच्या सिरियलचं आहे."